गार वारा टाकणाऱ्या हीटरची मीमांसा

मोटारगाडीतील हीटर हे एक स्वतंत्र यंत्र आहे, त्याच्या पोटात कुठेतरी तापणारी तार आहे आणि डॅशबोर्डावरील बटण लाल खुणेकडे जितके अधिक फिरवावे तितकी ती तार अधिक तापते, असा समज उत्तर अमेरिकेच्या थंड पट्ट्यात स्थायिक झालेल्या मराठी माणसांत चांगलाच रुजलेला आढळतो. गीझर, इस्त्री आणि टोस्टर यांच्या दीर्घ सहवासातून आलेला हा समज हीटर चालतो तोवर निरुपद्रवी असतो. परंतु शिकागो किंवा मिनियापोलिस येथे जानेवारीत पारा उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलेला असताना डॅशबोर्डाच्या झरोक्यांतून बाहेरच्याइतकाच गार वारा येऊ लागला, की या समजाची परीक्षा होते. अशा वेळी गाडीचा मालक पहिली कृती करतो ती म्हणजे शेवटापर्यंत फिरवलेले बटण पुन्हा एकदा शेवटापर्यंत फिरवून पाहण्याची. दुसरी कृती म्हणून तो पंख्याचा वेग वाढवतो, त्यामुळे आधी मंदपणे येणारा गार वारा आता जोरात येतो, आणि शेजारच्या आसनावरून त्याविषयी जे मत व्यक्त होते त्याचा विचार प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

वस्तुतः या हीटरला स्वतःची अशी आग नसते. पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश गाडी चालवण्याच्या कामी येते, साधारण तेवढीच धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूला तापवत राहते. ती वेळीच काढून घेतली नाही तर इंजिन जाम होईल, म्हणून इंजिनाच्या अंगातल्या पोकळ्यांमधून कूलंट, म्हणजे पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण, पंपाने सतत खेळवले जाते. हा तापलेला द्रव गाडीच्या नाकाशी बसवलेल्या रेडिएटरमध्ये जाऊन वाऱ्याने निवतो, आणि त्याचाच एक फाटा दोन रबरी नळ्यांवाटे डॅशबोर्डामागील दुसऱ्या, वहीएवढ्या रेडिएटरमध्ये नेलेला असतो. या धाकट्या रेडिएटरला हीटर कोअर म्हणतात, आणि त्याच्यावरून पंख्याने ढकललेली हवा तापून प्रवाशांच्या पायांवर व समोरच्या काचेवर येते. जुन्या वाड्यांतील तांब्याच्या बंबात मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी असे, तशीच ही रचना आहे. फरक इतकाच की येथे जाळ प्रवासासाठी केलेला असतो आणि ऊन पाणी हा त्याचा आनुषंगिक लाभ असतो. तेव्हा हीटर गार वारा टाकतो ही तक्रार बहुतेक वेळा हीटरची नसतेच; ती इंजिनातल्या पाण्याची, त्या पाण्याच्या वाटेची किंवा वाटेवरच्या झडपांची असते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, एवढाच या साऱ्या शास्त्राचा गाभा आहे, परंतु तो मान्य होईपर्यंत बराच काळ आणि काही डॉलर खर्ची पडतात.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हीटरचा परिचय झालेला असतो तो मात्र उलट दिशेने. मुंबईत हीटरचे बटण गाडी विकली जाईपर्यंत निळ्या टोकाला असते आणि पुण्यातही वर्षातून चार-दोन पहाटे सोडल्यास त्याला कोणी हात लावत नाही. त्याची खरी आठवण होते ती मे महिन्यात खंबाटकीचा घाट चढताना, इंजिनाचा काटा तांबड्या पट्ट्याकडे झुकू लागला म्हणजे. त्या वेळी जाणता चालक एसी बंद करतो, सर्व काचा खाली घेतो आणि भर उन्हात हीटर पूर्ण क्षमतेने सुरू करतो, कारण हीटर कोअर हा दुसरा रेडिएटरच असल्यामुळे इंजिनातील काही उष्णता त्या वाटेने निघून जाते. गाडीतील मंडळी वाफाळतात, पण इंजिन वाचते. ज्या काकांनी हा प्रयोग हयातीत यशस्वीपणे केलेला असतो त्यांना हीटरची जात नेमकी कळलेली असते, असे म्हणावे लागते. दुर्दैव असे की पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सल्ला देताना ते हे मूळ तत्त्व सोडून ‘बॅटरी बघ’ असे सांगतात. उंटावरून शेळ्या हाकण्याच्या कलेला दूरसंचार तंत्रज्ञानाने जे बळ दिले आहे त्याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

तक्रारदारांपैकी एका मोठ्या वर्गाची गाडी मुळात बिघडलेलीच नसते. कडाक्याच्या थंडीत रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन, त्यातील तेल आणि कूलंट ही सर्व बाहेरच्या हवेइतकीच गार झालेली असतात, आणि ती तापण्यास काही मैलांचे अंतर जावे लागते. किल्ली फिरवताक्षणी गरम वाऱ्याची अपेक्षा करणे म्हणजे पी हळद आणि हो गोरी असा प्रकार होय. शिवाय जागच्या जागी घुरघुरणारे इंजिन फारसे श्रम करत नसल्यामुळे ते तापतेही सावकाश, आणि संथ का होईना पण चालती गाडी लवकर ऊब देते. हे सांगूनही घरासमोर गाडी चालू करून आत चहा पिण्याची प्रथा कमी झालेली नाही, कारण त्या प्रथेचा खरा हेतू चहा हा आहे.

इंजिन तापावयास पुरेसा वेळ दिल्यानंतरही वारा गारच राहिला, तर पहिला साक्षीदार म्हणून डॅशबोर्डावरील तापमानाच्या काट्याला पाचारण करावे. काटा नेहमीच्या मध्यभागी पोहोचतच नसेल, तर संशय थर्मोस्टॅटवर जातो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि मोठा रेडिएटर यांच्या मार्गावर बसवलेली झडप. तिच्यात धातूच्या लहानशा डबीत मेण भरलेले असते, इंजिन गार असताना ते घट्ट राहते व झडप मिटलेली असते, आणि कूलंट साधारणपणे ८२ ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान, म्हणजे गाडीच्या रचनेप्रमाणे ठरवलेल्या बिंदूला, पोहोचले की मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. ज्या यंत्रात संगणक, संवेदक आणि उपग्रहावरून दिशा सांगणारी बाई असते, त्याचे तापमान अखेर चमचाभर मेणाच्या भरवशावर असते ही गोष्ट नम्रता शिकवणारी आहे. ही झडप उघड्या स्थितीत अडकली, तर सर्व कूलंट पहिल्या मिनिटापासून गारठलेल्या रेडिएटरमधून हिंडत राहते आणि इंजिनाला कधीच पुरती ऊब येत नाही. अलीकडच्या गाड्यांत अशा वेळी इंजिनाचा पिवळा दिवा लागतो व संगणकात बहुधा पी०१२८ या क्रमांकाची नोंद होते, जिचा अर्थ कूलंट अपेक्षित तापमानाला पोहोचले नाही एवढाच असतो. सुटे भाग विकणारी अनेक दुकाने ही नोंद फुकट वाचून देतात, त्यामुळे मराठी मंडळींत या टप्प्यावरील निदान उत्साहाने केले जाते. थंड प्रदेशातील ट्रकचालक कडाक्याच्या थंडीत रेडिएटरपुढे गोधडीसारखे आवरण बांधतात आणि काही मोटारमालक पुठ्ठा लावतात. इंजिनाला जादा थंडी बाधू नये हा त्यामागील विचार योग्य असला, तरी अडकलेल्या थर्मोस्टॅटवर तो उपचार नव्हे, आणि हवा निवळल्यावर पुठ्ठा काढावयास विसरले तर पुढचे प्रकरण तापण्याचे होते.

येथे लक्षणांतील एका भेदाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे, कारण गॅरेजमध्ये सांगितल्या जाणाऱ्या कहाण्यांत तोच गाळला जातो. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर गाडी सिग्नलला थांबलेली असताना थोडी ऊब येते आणि हायवेवर, रेडिएटरवर गार वाऱ्याचा मारा सुरू होताच, ती नाहीशी होते. याउलट कूलंट कमी झाले असेल, त्यात हवा धरली असेल किंवा वॉटर पंप अशक्त झाला असेल, तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर वारा गरम होतो आणि सिग्नलला थांबताच पुन्हा गार पडतो, कारण मंद फिरणाऱ्या पंपाला उंचावरच्या हीटर कोअरपर्यंत पाणी पोहोचवणे जमत नाही. या दोन लक्षणांतील फरक सांगता आला तर मेकॅनिकचे अर्धे काम झालेले असते. प्रत्यक्षात मात्र पती ‘हायवेवर गार पडतो’ असे सांगतो, पत्नी ‘सिग्नलला पडतो, मी पाय आखडून बसते ना’ असे सांगते, आणि मेकॅनिक, जो बहुधा पोलंडचा किंवा मेक्सिकोचा असतो, दोघांचेही मराठीत चाललेले उपकथानक संपेपर्यंत हात पुसत उभा राहतो. अनुभव असा की पत्नीची साक्ष अधिक विश्वसनीय असते, कारण झरोका तिच्या गुडघ्यावर रोखलेला असतो.

कूलंट कमी होण्याचे प्रकरण जरा तपशिलाने पाहावयास हवे, कारण बिघाडांत ते सर्वांत सामान्य, तपासावयास सर्वांत सोपे आणि सर्वांत शेवटी तपासले जाणारे आहे. बॉनेट उघडले की अर्धपारदर्शक प्लास्टिकची एक बाटली दिसते, तिच्यावर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात, आणि गार इंजिनात द्रवाची पातळी या दोन खुणांमध्ये असावी अशी अपेक्षा असते. शेजारीच काच धुण्याच्या पाण्याची बाटली असते. तिच्यातील निळे पाणी हिच्यात ओतण्याचे प्रकार घडतात, त्याविषयी न बोललेले बरे. पातळी खाली गेली की पोकळ जागेत हवा शिरते, आणि हीटर कोअर सहसा या संचाच्या उंच भागात असल्यामुळे ती हवा तेथेच ठाण मांडते. पाण्याऐवजी हवा भरलेल्या कोअरवरून पंखा कितीही फिरला तरी वारा गारच येणार. गाडी सुरू करताना डॅशबोर्डामागून ओढ्यासारखी खळखळ ऐकू आली तर ती या हवेची असते, आणि तिला ‘नवीन गाडीत असे आवाज येतातच’ असे म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हे. ही हवा बाहेर काढण्याच्या रीती गाडीगणिक निराळ्या असतात. मात्र पाणी गेले कोठे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा असून त्याचे उत्तर न शोधता नुसती बाटली भरत राहणे हा कालहरणाचा मार्ग आहे. बाहेर कोठेही थेंब न दिसता पातळी घटत असेल, धुराड्यातून पांढरा दाट धूर येत असेल आणि कूलंटमध्ये बुडबुडे थांबत नसतील, तर हेड गॅस्केट गेल्याची शक्यता असते, व मग हीटर हा चिंतेचा विषय उरत नाही.

बाटलीत काय भरावे यावर मराठी घरांत दोन पंथ आहेत. पहिला पंथ नळाचे पाणी भरणाऱ्यांचा. उन्हाळ्यात थोडे-थोडे साधे पाणी घालत गेल्याने मिश्रण पातळ होत जाते, क्षारांचे थर व गंज वाढतात, आणि हिवाळ्यात त्या पातळ मिश्रणाचा बर्फाचा चिखल होऊन वाट अडते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि ही वाढ सामावून घेण्याचे औदार्य इंजिनाच्या धातूत नसते. दुसरा पंथ शुद्धतावाद्यांचा. पाणी मिसळलेले म्हणजे भेसळीचे अशी त्यांची दूधवाल्याच्या काळापासूनची धारणा असल्यामुळे ते दुकानातून अर्क आणून तसाच ओततात. निसर्ग येथे त्यांची थट्टा करतो, कारण शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते, तर निम्मे पाणी मिसळलेले ग्लायकॉल उणे ३७ अंशांपर्यंत टिकते. दुकानांत अर्क आणि निम्मे पाणी आधीच मिसळलेला द्रव हे दोन्ही एकसारख्या दिसणाऱ्या कॅनमध्ये शेजारी-शेजारी मांडलेले असतात, आणि दुसऱ्या कॅनमध्ये अर्धे पैसे पाण्याचे जातात ही बाब पहिल्या पंथाच्या फार जिव्हारी लागते. हिरवा, नारिंगी, गुलाबी हे कूलंटचे रंग केवळ मिसळलेल्या रंगद्रव्याचे असून त्यावरून त्याचा गुणधर्म खात्रीने ओळखता येत नाही. न जुळणारी दोन कूलंटे एकत्र आली तर गाळ धरतो, आणि तो गाळ बहुधा हीटर कोअरच्या बारीक नळ्यांतच मुक्कामाला जातो.

पाणी पुरेसे आहे, काटाही मध्यावर आहे, तरी वारा गार, अशा स्थितीत हीटर कोअरकडे जाणाऱ्या त्या दोन रबरी नळ्यांची परीक्षा करावी. इंजिन तापल्यावर, पट्टा आणि पंखा यांपासून हात दूर ठेवून, त्या सावधपणे चाचपल्या असता दोन्ही गरम लागल्या तर पाणी नीट फिरत आहे; एक गरम आणि दुसरी गार लागली तर कोअर तुंबला आहे किंवा, जेथे वाटेत वेगळी झडप असते तेथे, ती उघडत नाही. तुंबण्याचे श्रेय पुष्कळदा गळती थांबवण्यासाठी ओतलेल्या भुकटीकडे जाते. ती छिद्रे बुजवते हे खरेच, मात्र कोणती छिद्रे बुजवावयाची आणि कोणती नाही हे तिला कळत नाही. कोअर उलट दिशेने पाणी सोडून धुता येतो, परंतु त्यासाठी अंगणातील नळ लागतो आणि तो गोठून फुटू नये म्हणून हिवाळ्यापूर्वीच बंद केलेला असतो, असा हा पेच आहे. कोअर बदलावयाचा झाल्यास भाग त्या मानाने स्वस्त असतो, पण कित्येक गाड्यांत त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागत असल्याने मजुरी भागाच्या कित्येक पट होते. थर्मोस्टॅट अडकला असताना कोअर बदलून घेणारे लोक म्हणूनच सहानुभूतीस पात्र होत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला या न्यायाचे बिल एवढे मोठे अन्यत्र क्वचितच येते.

दोन्ही नळ्या गरम असूनही वारा गार असेल, तर दोष हवेच्या वाटेत असतो. डॅशबोर्डाच्या आत गरम आणि गार हवेचे प्रमाण ठरवणारी एक फळी असते, ती एका छोट्या विजेच्या मोटरने हलते, आणि त्या मोटरचे दातेरी चक्र प्लास्टिकचे असल्यामुळे कालांतराने त्याचे दात पडतात. मग गाडी सुरू होताच आतून टकटक असा आवाज येतो आणि फळी जागची हलत नाही. ज्या गाड्यांत चालक व शेजारचा प्रवासी यांच्यासाठी वेगवेगळे तापमान ठेवण्याची सोय असते, तेथे अशा फळ्या दोन असतात व त्यांपैकी एकच बिघडू शकते. चालकाच्या बाजूला सुखद ऊब आणि शेजारी हिमालय, ही स्थिती तांत्रिकदृष्ट्या निदानाला अत्यंत सोपी आणि अन्य दृष्टींनी अत्यंत कठीण असते.

या सर्व ज्ञानाची देवघेव होते ती मुख्यतः संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. उत्तर गोलार्धातील त्या मुलखात मध्य जानेवारी म्हणजे थंडीचा कळस. काळी साडी, तिच्यावर गुडघ्याखाली जाणारा फुगीर कोट, पायांत बर्फाचे बूट आणि हातातील पिशवीत दाराशी बदलावयाच्या कोल्हापुरी चपला, अशा वेशात सुवासिनी आत जातात, आणि त्यांना सोडावयास आलेले पुरुष तळघरात जमून एखाद्याच्या हीटरवर विचारविनिमय करतात. त्यांतील बहुसंख्य सॉफ्टवेअर क्षेत्रातील असल्याने ‘बॅटरी काढून पुन्हा जोड’ हा सल्ला हटकून मिळतो. आश्चर्य म्हणजे तो एका बाबतीत लागू पडतो, कारण काही गाड्यांत वीज तोडून जोडली असता वर सांगितलेली फळी आपली दोन टोके नव्याने शोधते व कधीकधी ठिकाणावर येते. एकदा असे कोणाचे साधले की तो माणूस पुढे रेडिएटरच्या गळतीवरही हाच उपाय सुचवू लागतो. याच सुमारास गाडीत गोडसर वास येऊ लागल्यास तो मांडीवरच्या डब्यातील तिळगुळाचा समजला जातो, आणि येथे विनोद थांबवावा लागतो: तो वास गळक्या हीटर कोअरमधून झिरपणाऱ्या ग्लायकॉलचा असू शकतो, सोबत काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट धूसर थर येतो, पायाखालचे जाजम ओले होते, आणि चवीला गोड असलेला हा द्रव मुले व पाळीव प्राणी यांना प्राणघातक विष आहे.

मोटारीतील उबेचा इतिहास फार जुना नाही. आरंभी प्रवासी पायांशी निखाऱ्यांच्या पेट्या आणि अंगावर कातड्याची पांघरुणे घेत. बाहेरची ताजी हवा कूलंटने तापवून आत सोडण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे, ती अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ मध्ये बाजारात आणली. फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाला निवण्यासाठी पाणी नसून नुसती हवा असे, त्यामुळे तिची ऊब धुराड्याभोवती तापलेल्या हवेवर अवलंबून राही, आणि तिचे मालक काच आतून खरवडण्याची पट्टी जवळ बाळगत. अमेरिकेच्या संघीय वाहन-सुरक्षा मानकांपैकी १०३ क्रमांकाचे मानक समोरची काच बर्फ आणि दहिवर यांपासून मोकळी करणारी व्यवस्था अनिवार्य ठरवते. प्रवाशांचे पाय गरम राहावेत यासाठी ते मानक नाही. विनिपेग, एडमंटन या कॅनडातील शहरांत तर गाड्यांच्या नाकातून विजेचा प्लग लोंबताना दिसतो आणि वाहनतळांवर त्यासाठी खांब व सॉकेट असतात, कारण तेथे रात्री इंजिनालाच हीटर लावून ठेवावा लागतो. विजेवर चालणाऱ्या मोटारीने सारा प्रश्नच उलटा केला आहे: तिच्यात वाया जाणारी उष्णता इतकी थोडी असते की ऊब बॅटरीतूनच विकत घ्यावी लागते, हीटर झटकन तापतो, आणि मालक पायांऐवजी पल्ल्याचा घटता आकडा पाहून गारठतो.

पेट्रोल किंवा डिझेलची गाडी असलेल्या वाचकांनी हिमवर्षाव सुरू होण्यापूर्वी, ऑक्टोबरातच, इंजिन पूर्ण गार असताना कूलंटच्या बाटलीतील पातळी पाहून घ्यावी. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये, कारण आतील द्रव दाबाखाली असतो आणि उसळून तोंड भाजते. आणि ज्या गॅरेजवाल्याने ती बाटली न पाहता, काटा न विचारता आणि नळ्यांना हात न लावता हीटर कोअर बदलण्याचा अंदाज लिहून दिला, त्याच्याकडून किल्ली परत घेऊन, गारठत का होईना, गाडी दुसऱ्या गॅरेजात न्यावी.